सख्ख्या भावाचा रिपोर्ट

१२ जानेवारी

ती. स्व. मामास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

कामाशिवाय भाचीला मामा आठवत नाही असं तू म्हणायच्या आत सांगते, काम आहेच. कायदा विषयात यंदा संसदेवरचा धडा वीस मार्कांना आहे आणि बाईंनी तो दोन तासांत गुंडाळला. घरचा माणूस संसदेत नोकरीला असताना गाइडला पैसे कशाला घालायचे, असं बाबांचं म्हणणं. तेव्हा आता तूच आमचं गाइड.

आईचं डायलिसिसचं मशीन आठवड्यातून तीनदा चालू आहे. तिथून आली की दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडते. फ्रेमच्या दुकानातलं काच कापायचं काम सुटलं, कारण हात थरथरतो. वर्षभरात कोणाची किडनी मिळाली तर ठीक, असं डॉक्टर म्हणाले. बाबांना साखर, म्हणून ते बाद. तुझं रक्त जुळत नाही हे आईनं दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय. मी नोव्हेंबरात अठराची होईन, पण आईनं माझ्याकडून शपथ घेतलीय. माझ्या पोरीच्या अंगाला सुरी लागणार असेल तर त्याच दिवशी मशीन बंद करा, असं तिनं डॉक्टरांनाही बजावलंय.

राहिली आत्या. तिची जुळते आणि ती एका पायावर तयार आहे. पण अवयवदानाच्या कायद्यात नवरा-बायको, आईवडील, मुलं आणि सख्खी भावंडं एवढेच बसतात. नणंदेला त्यात जागा नाही. म्हणून एकच प्रश्न विचारते, मार्कांसाठी आणि आईसाठीही: कायदा बदलतात तरी कसा?

मामीला नमस्कार, पिल्लांना पापा. लोभ आहेच, पत्राला उशीर करून तो कमी करू नकोस.

तुझी,
भिंगरी

---

२५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अगं वकिलीणबाई, कायदा म्हणजे काही पडदा नव्हे, जुना काढला आणि नवा लावला. आधी मंत्र्याचं खातं मसुदा करतं. मग तो विधेयक म्हणून सभागृहात मांडतात. याला पहिलं वाचन म्हणायचं आणि त्यात कोणी काही वाचत नाही. शाळेत हजेरी घेतात तसं नुसतं नाव पुकारायचं. खरी झोंबाझोंबी दुसऱ्या वाचनाला. मुळात हा कायदा हवा का यावर चर्चा, गरज वाटली तर समितीकडे रवानगी, समितीचा अहवाल आला की एकेक कलम घेऊन त्यावरच्या दुरुस्त्या, आणि प्रत्येकावर मत. तिसऱ्या वाचनाला फक्त हो की नाही. मग हीच सगळी वरात दुसऱ्या सभागृहात. तिथून राष्ट्रप्रमुखांची सही, मग राजपत्रात छपाई. आणि सही झाली म्हणजे लागू झाला असं धरून चालू नकोस. लागू व्हायची तारीख पुष्कळदा सरकार वेगळी काढतं. परीक्षेत निम्मी मुलं इथेच मार खातात.

आता गोड बातमी. तुझ्या आत्याची अडचण दूर करणारं दुरुस्ती विधेयक आलेलं आहे! त्याच्या कलम चारमध्ये नणंद, दीर, मेहुणे सगळे घेतलेत. सध्या ते समितीपुढे आहे, आणि समितीच्या शाखेत कोण बसतं? तुझा मामा. लोकांची निवेदनं माझ्याच टेबलावर येतात. शिक्का मारायचा, क्रमांक द्यायचा, फाइलला लावायचं. त्या फाइलमध्ये जे आहे तेच समितीचे सभासद वाचतात. तेव्हा एक झकास निवेदन लिही. मुदत पंधरा मार्च. ताईला म्हणावं, धीर धर, तुझा भाऊ आत बसलाय.

मामीचे आणि पोरांचे तुला आशीर्वाद-नमस्कार. पत्र लिहीत जा म्हणजे लोभ ताजा राहतो.

तुझा,
मामा

---

२० फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं. पहिल्या वाचनात कोणी वाचत नाही यावर बाईसुद्धा हसल्या.

निवेदन चार पानी झालं. बाबांनी आणि आत्यानं सह्या केल्या, आणि आत्यानं तिच्या पोस्टातल्या खिडकीवरून स्वतः रजिस्टर केलं. तिनं पाकिटावर तीनदा शिक्का मारला म्हणे, एक सरकारचा आणि दोन रागाचे.

एक कागद राहिलाय. कायद्यात बसणारं जे कोणी नातेवाईक आहेत त्यांच्यापैकी कोणाचीच किडनी चालत नाही याचा पुरावा जोडा, असं समितीच्या सूचनेत छापलंय. बाबांचा रिपोर्ट जोडला. तुझा आईकडून हरवला, आणि हॉस्पिटल तो तुझ्याशिवाय कोणाला देत नाही. आमचं पाकीट तुझ्याच टेबलावर यायचंय, तर तेवढा रिपोर्ट तू मागून टाचून टाक. टाचणीचे पैसे भाचीच्या खाती लिही.

आई म्हणते, तुझं जुळलं असतं तर तू मागेपुढे पाहिलं नसतंस. मला ते ठाऊक आहे, मामा. लोभ मागायची गरज नाही, तरी रीत म्हणून मागते.

तुझी,
भिंगरी

---

२४ फेब्रुवारी

चि. सोन्यास,
ताईचे अ. उ. आशीर्वाद.

पोरीनं तुला काय लिहिलं ते मला काल कळलं. हे पत्र मी मशीनवर असताना लिहितेय, अक्षर लावून घे.

रिपोर्ट हरवलेला नाही. तो माझ्या हॉस्पिटलच्या फाइलमध्ये आहे. तुझी किडनी जुळते असं त्यात लिहिलंय. तो हातात घेऊन तू जिन्यात बसून रडलास, बायकोला कळू देऊ नकोस, भावोजींना सांगू नकोस म्हणालास. मी म्हटलं, जा घरी. लहानपणी इंजेक्शनला घाबरून तू कपाटात लपायचास, तेव्हाही आईला मीच थोपवायची. त्या दिवशीचा मला राग नाही. आजही किडनी मागत नाही.

पण सोन्या, पोरीचा कागद अडवू नकोस. खोटा रिपोर्ट जोड असं मी सांगणार नाही, त्यानं तुझी नोकरी जाईल. भावाची किडनी जुळते पण द्यायची तयारी नाही, एवढं एका ओळीत लिहून सही कर आणि जोड. तुझे साहेब वाचतील, ऑफिसात चार दिवस कुजबुज होईल. तेवढं माझ्यासाठी सोस. घरात मी सांभाळून घेईन.

तुझ्यावर माझा लोभ लहानपणापासून आहे, तो आटायचा नाही.

ताई

---

१८ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

निवेदन पोचलं. अक्षर सुरेख आहे. आता सगळं नियमाप्रमाणे होईल, तू अभ्यासाकडे लक्ष दे. अधिवेशनाची धांदल आहे म्हणून थोडक्यात आटोपतो. ताईला सांग, तिचं पत्र मिळालं.

लोभ असू दे.

मामा

---

३० जुलै

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

समितीचा अहवाल लायब्ररीत आला. मी बसून पूर्ण वाचला. कलम चार गाळावं असं त्यांनी म्हटलंय. कारण असं दिलंय, की कायद्यात बसणारा एकही नातेवाईक देऊ शकत नाही अशा कुटुंबाचं एकही उदाहरण समितीसमोर आलं नाही. दोन्ही सभागृहांनी ते तसंच उचललं, सहीही झाली. कायदा बदलला, फक्त आमचं कलम सोडून.

मागे निवेदनांची यादी आहे, एकशे बारा. मी ती बोट ठेवून दोनदा वाचली. आमचं नाव नाही. आत्याकडे पोचपावती आहे, तुमच्या ऑफिसच्या शिक्क्याची. काही घोटाळा झालाय का? आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती विचारते तेव्हा दुसरं वाचन चाललंय म्हणून सांगते.

लवकर कळव.

भिंगरी

---

९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

घोटाळा नाही, बाळ. ज्या निवेदनाला पुरावे पूर्ण नसतात ते आमच्याकडे अपूर्ण म्हणून वेगळं ठेवतात. कागद आला तर फाइलला लागतं, नाही तर नाही. तुमच्यात एक कागद कमी होता. सगळ्यांना एकच नियम. घरच्या माणसासाठी वाकवला असता तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. आणि एका निवेदनानं कलम वाचतं असंही नसतं.

कायदा पुन्हा बदलता येतो, संसद स्वतःचे हात कधी बांधून घेत नाही. चार-पाच वर्षांनी पुन्हा दुरुस्ती येईल, तेव्हा बघू. ताईला जप.

लोभ आहे तो कमी करू नये.

मामा

---

२८ नोव्हेंबर

मामा,

ऑक्टोबरात आईला दुसऱ्या वॉर्डात हलवलं. नर्सनं फाइल माझ्याच हातात दिली. जिना उतरताना मी ती उघडली. जो कागद कमी होता तो मला सापडला. त्यामागे आईचं तुम्हाला लिहिलेलं पत्रही होतं, पहिला खर्डा असावा. म्हणजे तिनं काय मागितलं होतं तेही मला कळलं. एक ओळ आणि एक सही, बस्स. तुम्ही तेवढंही केलं नाहीत, आणि नऊ ऑगस्टला मला नियम शिकवलात.

मी आईला काही बोलले नाही. बाबांना आणि आत्याला दोन्ही कागद दाखवले. बाबा इतकंच म्हणाले, की आता त्या घरी जायचं नाही. अठरा पूर्ण झाली त्याच आठवड्यात मी तपासणी करून घेतली. माझी जुळते. आईनं पाच दिवस माझ्याशी अबोला धरला, ताट लोटून दिलं, मशीनला जाणार नाही म्हणाली. मग डॉक्टरांनी तिला बसवून सांगितलं, की सुई टोचायला शीर सापडत नाही, मशीन आता फार दिवस चालणार नाही. तेव्हा तिनं सही केली. सही करताना ती माझी माफी मागत होती. मामा, तुमच्या वाटची माफी माझी आई माझ्याकडे मागत होती.

हॉस्पिटलच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, इतर जवळचे नातेवाईक आणि ते न देण्याचं कारण. त्यात मी लिहिलं, सख्खा भाऊ, जुळते, इच्छा नाही. तिथल्या बाईंनी वर मान करून माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. कागद पूर्ण आहे.

संसदेच्या धड्याला मला वीसपैकी एकोणीस मिळाले. तुमच्याच पत्रावरून अभ्यास केला होता.

ऑपरेशन चार डिसेंबरला, सकाळी सातला. सोन्याला कळवू नका, तो मनाला लावून घेईल, असं आईनं आम्हाला निक्षून सांगितलंय. मी मुद्दाम कळवतेय. लावून घ्या.

तुमच्यावर आईचा लोभ आहे. माझा नाही.

भिंगरी