यादीत नाव नाही

ती. आईस,

थोरल्या लेकीचा नमस्कार. मी इथे शिबिरात ठणठणीत आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते, तेव्हा पुढचं वाचून घाबरू नकोस.

राष्ट्रीय फुटबॉल संघाची यादी मागच्या सोमवारी लागली. तीत माझं नाव नाही.

प्रशिक्षक बाईंना मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "चेंडू डाव्या पायाशी आला तरी तू तो उजव्यावर घेतेस. तेवढा वेळ तुला समोरची मुलगी देणार नाही. घरी जायचं तर जा. राहायचं तर राखीव मुलींबरोबर सराव कर, पण मी कसलाही शब्द देत नाही."

मी राहते म्हणाले. तुला न विचारता ठरवलं, रागावू नकोस.

आता रोज न्याहारीआधी जेवणघरामागच्या भिंतीवर डाव्या पायानं दोनशे चेंडू मारते. पहिल्या दिवशी निम्मे कचऱ्याच्या डब्यांवर गेले आणि स्वयंपाकी वैतागून बाहेर आला. हल्ली तोच मोजून देतो. घोटा जरा सुजतो, पण इथे बर्फ मिळतो.

काल मुख्य संघाशी सराव सामना झाला. चेंडू डावीकडे आला आणि मी डाव्यानंच मारला. खांबाला लागून बाहेर गेला. नंतर बाई जवळ येऊन म्हणाल्या, "पाय बदलला नाहीस, ते पाहिलं मी. उद्या पुन्हा खेळ."

बाबांची कंबर कशी आहे? धाकटी माझी सायकल नीट चालवते ना?

शेजारी विचारतील. नाव लागलं नाही म्हणून सांग, आणि पोरगी अजून तिथेच आहे, हेही सांग.

तुझीच,
थोरली