सहानंतर आठ

३ सप्टेंबर, रविवार

आले एकदाची. दोन बॅगा, गुडघ्याचा एक पट्टा आणि ही कोरी वही. खोली रिंकच्या मागच्या गल्लीत, स्केट्सना धार लावणाऱ्याच्या दुकानावर आहे. खिडकीतून रिंकचं पत्र्याचं छप्पर दिसतं आणि खालून दिवसभर पाती घासल्याचा आवाज येतो. दुसरं कुणी असतं तर डोकं धरून बसलं असतं. मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

स्टेशनवर न्यायला स्वतः बाई आल्या होत्या. बाई म्हणजे इथल्या प्रशिक्षक, वय साठीच्या पुढे, बोलणं मोजकं आणि नजर करवतीसारखी. रस्त्याने त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, गुडघा कितपत वाकतो. खुर्चीत बसण्यापुरता, असं मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. माझे विनोद पहिल्या दिवशी कुणाला कळत नाहीत, याची मला सवय आहे.

अकरा वर्षं मी बर्फावरच्या जोडीनृत्याच्या स्पर्धा केल्या. नंतरची आठ वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना बर्फावर न पडता उभं राहायला शिकवण्यात गेली. आता पहिल्यांदाच कुणीतरी मला एक अख्खा नाच बसवायला बोलावलंय. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. पण शेळ्या चांगल्या आहेत म्हणे, आणि डिसेंबरात निवड स्पर्धा आहे. हे जमलं तर मी कोरिओग्राफर. नाही जमलं तर आईकडे परत, आणि तिचं ‘मी सांगितलं होतं’ ऐकत बसायचं.

५ सप्टेंबर

शेळ्या पाहिल्या. सख्खे भाऊ-बहीण आहेत. दादा वीस वर्षांचा, खांदे रुंद आणि तोंडात मूग. बहीण सतरा वर्षांची. तिची चिवचिव कपडे बदलण्याच्या खोलीतून सुरू होते ती बर्फावर पाय ठेवेपर्यंत थांबत नाही, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात. दादाने तिला आठ वर्षांची असताना बोट धरून इथे आणलं. अजूनही लेस तोच तपासतो. मला दोघं इतकी आवडली की थोडी भीतीच वाटली.

बाईंची पद्धत जुनी आहे, माझ्याही वेळी हीच होती. पहिले पंधरा दिवस संगीत नाही. नाच बसवणाऱ्याने मोठ्याने अंक मोजायचे आणि मुलांनी डोळ्यांवर नाही, कानांवर नाचायचं. मी पोरांना पहिला नियमही सांगून टाकला: अंक सुरू झाले की कुणीही ओरडलं, छप्पर कोसळलं, तरी मध्ये थांबायचं नाही. अर्धवट थांबण्यानेच हाडं मोडतात. चिमणीने तो नियम हातावर पेनाने लिहून घेतला.

दुपारी रिंक रिकामी होती. मी दोघांच्याही जागा एकटीने करून पाहिल्या, रिकाम्या हवेला मिठी मारून. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ. बाईंनी माझे अंक फोनवर रेकॉर्ड करून घेतले आणि मलाही पाठवले. मी आजारी पडले तरी सराव बुडायला नको, असं त्यांचं म्हणणं.

८ सप्टेंबर, शुक्रवार

आज ठरवलं. शेवटच्या अर्ध्या मिनिटात जिराफची हालचाल घालायची.

जिराफ हा माझा जोडीदार होता. मान इतकी लांब की पोशाखाच्या कॉलरला शिंप्याला वेगळं कापड लागायचं. हालचाल आम्ही दोघांनी मिळून शोधली होती. तो एका गुडघ्यावर बसून बर्फाला लागून घसरत येतो, मी त्याच्याकडे पाठ करून फिरते. सातला त्याने मान खाली घालायची. आठला माझा पाय, पात्यासकट, त्याच्या मानेच्या जागेवरून जायचा. दोन्हींमध्ये एका अंकाचं अंतर. बघणाऱ्याचा श्वास अडकतो.

स्पर्धेत ती कधी दिसलीच नाही. सरावातच तो गेला. त्याला मान खाली घालायला उशीर झाला. चौकशीतही मी हेच सांगितलं. जाऊ दे.

हालचाल वाया का घालवायची? माझ्याकडे तेवढी एकच धड कल्पना आहे. बाईंनी ऐकली आणि पहिल्यांदाच हसल्या.

१२ सप्टेंबर

पहाटे पाचला मशीनवाले काका बर्फाचा वरचा थर तासतात आणि गरम पाणी सोडून नवा थर धरतात. साडेपाचला मी पहिली. कोऱ्या बर्फावर आपली पहिली रेघ ओढण्याचं सुख मला कुठल्याही पदकापेक्षा मोठं वाटतं.

आज रेघ आधीच होती. एकच, रुंद, खोल, पुरुषाच्या वजनाची. मी रेघा वाचूनच मोठी झाले आहे. ही जिराफच्या हालचालीतली पुरुषाची वाट होती, आणि मध्ये जिथे गुडघा टेकतो त्याच्या जरा पुढे ती तुटली होती. परतीची रेघ नाही.

दादाचा आगाऊपणा असेल, असं समजून मी त्याला झापलं. तो म्हणाला की तो आत्ताच सायकलवरून उतरतोय. हातमोजे ओले होते, दहिवर पडलं होतं सायकलवर. खोटं बोलणारा पोरगा नाही तो.

१४ सप्टेंबर

आज हालचाल जमिनीवर, बुटांत करून पाहिली. तरी रक्त निघालं. चिमणीची टाच दादाच्या जबड्यावर बसली. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. दोन दात फरशीवर पडले, एक मुळासकट. चिमणी ते ओंजळीत घेऊन बसली आणि काही केल्या देईना.

तिचं म्हणणं, मी ‘आठ’ म्हटलं म्हणून तिने पाय टाकला. दादाचं म्हणणं, मी ‘सात’ म्हटलंच नाही म्हणून त्याची मान वर राहिली. मी हसले. माझे अंक चुकत नाहीत हो. बाईंकडे पाहिलं तर त्यांनीही मान हलवली. सहा, आठ. असंच म्हणालीस, म्हणे.

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हटलं. पण रात्रभर आरशासमोर मोजत बसले.

१६ सप्टेंबर

कमरेवर डाव्या बाजूला पाच काळेनिळे डाग आले आहेत. चार बोटं आणि अंगठा. अंगठ्याचा डाग वाकडा आहे. जिराफचा डावा अंगठा लहानपणी दारात सापडून वाकडा झाला होता. फिरवताना तो मला तिथेच धरायचा.

सकाळी पुन्हा रेघ. मागच्यापेक्षा वीतभर पुढे गेलेली.

काका म्हणाले, त्या जागेचा बर्फ तासला की गुलाबी निघतो. आज त्यांनी मला ओंजळभर दाखवला. नंतर मशीन बंद करून ते पात्याखाली अडकलेला बर्फ काढायला वाकले, आणि ओरडले. दोन बोटं. पातं थांबलेलं होतं, किल्ली त्यांच्या खिशात होती. बोटं शोधायला मी बर्फाच्या ढिगात हात घातला. गरम होता ढीग.

बाईंनी तासाभरात सराव सुरू केला. दादा सहालाच मान खाली घालतोय हे त्यांना दिसलं. त्यांनी स्केटचं रबरी कव्हर काढून त्याच्या पाठीत मारलं, पाच-सहा वेळा. सात ऐकल्याशिवाय मान हलता कामा नये, म्हणाल्या. शर्टावर ओल उमटली. चिमणी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मी मध्ये पडले नाही. हे लिहून ठेवते.

१९ सप्टेंबर

हालचाल बर्फावर केली. करायला नको होती.

मी सात म्हटलं. जीभ दातांना लागल्याचं मला आठवतं. पण कानावर पडलं ते आठ, माझ्याच आवाजात, माझ्या डाव्या कानामागून. चिमणीचं पातं दादाच्या कानाखालून हनुवटीपर्यंत गेलं. कातडी उघडली. तो पडला नाही, नियमाप्रमाणे शेवटचे चार अंक पूर्ण करून थांबला, आणि त्याच्यामागे बर्फावर लाल रेघ आली. मग पडला.

अकरा टाके. अजून दोन बोटं खाली असतं तर मेला असता, असं डॉक्टर म्हणाले. चिमणी तेच पातं पुसत बसली आहे.

मी बाईंना सांगितलं, हालचाल काढा. त्या म्हणाल्या, पदक त्या हालचालीतच आहे. पट्टी बांधून तो शुक्रवारी उभा राहील. आणि मला म्हणाल्या, “तुझंच तोंड चुकतंय. तुझं तोंड बाजूला करू.”

२० सप्टेंबर

बाई सरावाला ते पाच तारखेचं रेकॉर्डिंग लावणार आहेत. तेव्हा तुझं डोकं ठिकाणावर होतं, असं बाईंचं म्हणणं.

माझ्याकडे आहे ते. आत्ता ऐकलं.

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदाही सात नाही.

ही वही उलटून पाहिली. पाच तारखेचं पान. माझंच अक्षर. त्यातही नाही.

बाईंना निरोप पाठवले, फोन केले. उचलत नाहीत. मुलांच्या घरी गेले. त्यांच्या आईने दार अर्धं उघडलं आणि सांगितलं की माझ्या पोराच्या जबड्याकडे बघून घे आणि पुन्हा या उंबऱ्यावर दिसू नकोस. मागून चिमणीने माझ्याकडे पाहिलं. मला तिला सांगायचं होतं की — दार बंद झालं.

२१ सप्टेंबर

डाग आता दोन्ही बाजूंना. दोन्ही हातांनी धरतोय.

खोलीच्या फरशीवर पात्यांचे चरे. दारापासून पलंगापर्यंत. ओले.

लिहून टाकते. त्या दिवशी सरावाआधी जिराफने मला सांगितलं की हा मोसम संपला की तो दुसऱ्या मुलीबरोबर नाचणार. माझा गुडघा फार दिवस टिकणार नाही म्हणून. खरं होतं त्याचं. अंक मीच मोजत होते. सहा म्हटलं आणि —

मला त्याला फक्त घाबरवायचं होतं. की नव्हतं?

गळा उघडल्यावर तो बोलायचा प्रयत्न करत होता. तोंडातून नाही, त्या फटीतून हवा येत होती. मी दोन्ही हातांनी दाबून धरलं, तरी बोटांमधून येतच राहिलं, केवढं ते रक्त. बर्फ वितळला त्याने. आणि मी सगळ्यांना सांगितलं, उशीर त्याला झाला. त्याच्या आईलासुद्धा. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

उद्या सकाळी जाते इथून. पण आधी रिंकवर. पोरांना गाठायचं. बाईंच्या आधी.

२२ सप्टेंबर, सकाळ

उशीर झाला. बर्फावर आहेत दोघं. दादाच्या जबड्याला पांढरी पट्टी. बाई आवाजाच्या खोलीत, काचेआड. कडी आतून. काच फोडायला गेले, मनगट फाटलं, काच तशीच. बाईंनी मान वळवली नाही.

स्पीकरवर मी. एक, दोन, तीन. केवढा आनंदी आवाज आहे माझा.

थांबा म्हणून ओरडले. दोनदा. चिमणीने ऐकलं. दिसलं मला. तिने हातावर पाहिलं आणि थांबली नाही. कुणीही ओरडलं तरी.

मीच —

तीन मिनिटांचा नाच. एक संपलं. ती हालचाल शेवटच्या अर्ध्या मिनिटात. लेस बांधतेय, बोटं घसरतायत रक्ताने. पानावर पडलं, वाचता येईल ना.

दादाच्या मागे आणखी एक जण घसरतोय. गुडघ्यावर. मान ताठ, लांब. त्याला घाई नाही. त्याच्याखाली रेघ उमटतेय. आज ती तुटलेली नाही.

जिराफ, ऐक. उशीर तुला झाला नव्हता. पाय मी आधी टाकला. सातला टाकला. मुलांचं काही नाही यात. ऐकतोयस ना.

वर पाहिलं त्याने. हात पुढे केला. वाकडा अंगठा.

नाही, तो थांबवत नाहीये. तो जागा दाखवतोय. दादाच्या पुढची. एवढीशी.

गुडघा वाकतोय. पट्टा नको. चिमणीने पाठ केली. हालचालीचे आठ अंक आता — सहाच्या आत मला त्या दोघांच्या मध्ये