तुम्हाला कावळा इतक्या लवकर का शिवला?

अहो,

इतकी कसली घाई होती तुम्हाला? भावजी पिंड ठेवून मागे सरकले नाहीत तोच कावळा आला आणि शिवला! माझा पदरसुद्धा नीट खोचून झाला नव्हता. त्याला वर्ष झालं. पण परवा तुमच्या वर्षश्राद्धाला जो तो पुन्हा तेच सांगत बसला. "काय पुण्यवान माणूस! दहाव्याला क्षणात कावळा शिवला. कसली म्हणून इच्छा मागे राहिली नाही." मी वाढत होते. वरणाची वाटी जरा आदळलीच त्यांच्यासमोर.

इच्छा राहिली नाही म्हणजे? मी राहिले ना मागे!

म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी. सगळ्या संसारात तुम्हाला एक चिठ्ठी लिहिली नाही. लागलीच नाही कधी, घाटावरून जेवायला घरीच यायचात ना.

काशीतल्या या अमृतराव घाटावर लोकांचे किती दहावे केलेत तुम्ही! विधी तुमचे, पानं वाढणं माझं. कावळा अडून बसला की तुम्ही घरच्यांना म्हणायचात, "बोला, मोठ्याने बोला. त्यांचा जीव कशात अडकलाय ते तुम्हालाच ठाऊक." मग कोणी म्हणायचं बहिणीचं लग्न लावून देऊ, कोणी म्हणायचं आईला अंतर देणार नाही. एकाने "बाबा, तुमची सायकल विकत नाही, बस्स!" म्हटलं आणि कावळा आला. ते सांगताना तुम्हाला हसून ठसका लागला होता. मी विचारलं, "खरंच ऐकतो का हो तो?" तर म्हणालात, "अगं, त्याला भूक लागली की येतो. पण तोवर माणसं खरं बोलून जातात."

मग मला का नाही बोलू दिलंत?

त्या दिवशी गंगा चढलेली. खालच्या पायऱ्या पाण्यात. बायकांनी पुढे यायचं नाही म्हणून मला वर देवळाच्या ओट्यावर बसवलं. मी मनाशी ठरवून आले होते. कावळा अडला की कोण काय म्हणेल ते म्हणो, खाली जायचं आणि तुम्हाला विचारायचं, "मी आता काय करू ते सांगून जा." उठायच्या आत सगळं आटोपलं. भावजी हात धुवायला लागले!

वर्षभर बरं होतं. वर्ष होईपर्यंत घर सोडायचं नाही म्हणून कोणी काही विचारलं नाही. आता वर्ष सरलं. आपली वैजू नाशिकहून आलीये ती माझ्यासकट परत जायचं ठरवूनच. "आई, टिकट दोघींचं काढलंय. दोन खोल्या, वर माकडं, खाली शेण. काय ठेवलंय इथे?"

मी म्हटलं, "माझी चूल ठेवलीये."

"गॅस आहे तो, आई."

तुमचीच लेक! आणि तिच्याकडे तिची सासू आहे. बाई चांगली आहे, पण एका ओट्याशी आम्ही दोघी? माझं तोंड तुम्हाला माहीत आहे. आठ दिवसांत भांडं वाजेल आणि मधल्या मध्ये पोरगी रडेल.

भावजी वेगळंच म्हणतात. "वहिनी, लोक अजून दादाला विचारत येतात. विधी मी करतो, रसोई तुम्ही बघा. तुमच्या आमटीची आठवण काढतात हो." खोटं नाही ते. पण पानं मांडली की मी अजून दाराकडे बघते. सगळ्यांचं झाल्यावर तुम्ही यायचात, ओलं धोतर सावरत, "काही उरलंय का?" म्हणत. आता उरतं. रोज उरतं.

कुठे जाऊ? इथे तुम्ही नाही म्हणून राहवत नाही, आणि तिथे तर तुम्ही कधी नव्हतातच.

पाणी चढून नाव बंद, म्हणून गल्लीत बसलेला नाववाला काल म्हणाला, "चाची, रोती काहे हो? काशी में गए हैं, मुक्ति पक्की." मी म्हटलं, "हमारी मुक्ति कौन देखेगा?" तो बिचारा सरकून मला बसायला जागा करून देऊ लागला. पण खरं सांगा, मुक्त झालेल्या माणसाला पत्र पोचतं का हो?

आता एक गोष्ट लिहिते, ती कोणालाच सांगितलेली नाही. वैजूलासुद्धा नाही.

तुम्ही जायच्या चार दिवस आधी स्वयंपाकघराच्या दारात सुपारी कातरत बसला होतात. म्हणालात, "शोभा, माझ्यानंतर तू..." आणि मी ओरडले, "दूध उतू जातंय इथे! तुमचं ते अभद्र मग बोला." तुम्ही "बरं" म्हणालात. नुसतं बरं! पुन्हा विषय काढला नाहीत. चौथ्या दिवशी घाटाच्या पायरीवर बसलात ते बसलातच.

दूध उतू जात नव्हतं हो. अजून तापलंसुद्धा नव्हतं.

सगळा जन्म मी तुमचं बोलणं असंच तोडलं. तेव्हा सरळ सांगा, खरंच काही इच्छा राहिली नव्हती? की ही बाई ऐकून घ्यायची नाही म्हणून न बोलताच गेलात? कावळ्याचं राहू दे. तुम्ही काय म्हणणार होतात? माझ्यानंतर तू काय? लेकीकडे जा? इथेच राहा? नुसतं "रडू नकोस" म्हणायचं असेल तर तेही चालेल, पण वाक्य पुरं करा.

सर्वपित्री अमावास्येला छतावर तुमचं पान ठेवीन. अळूवडी, भोपळ्याची भाजी, तुमची ती पातळ कढी. माकडांना हाकलायला काठी घेऊन बाजूला बसेन. आणि वचन देते, या वेळी मध्ये बोलणार नाही. कावळ्याने तासभर लावला तरी नाही. दूध उतू गेलं तर जाऊ दे.

वैजूची गाडी त्याच दिवशी संध्याकाळी आहे. पिशवी मी भरलेली नाही, आणि नाही म्हणूनही सांगितलेलं नाही. मला सर्वपित्रीला दुपारी बारापर्यंत उत्तर पाहिजे.

तुमची,
शोभा