माळ तुटली तर

मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४
दुपारी पावणेतीन, दुकान, उल्हासनगर

प्रिय रिद्धीताई,

आत्ता माझ्यासमोर कॉम्प्युटरवर आई आहे. फ्लेक्सच्या उजव्या कोपऱ्यात तिचा फोटो बसवायचाय. तुझ्या लग्नातलाच, मोरपंखी साडीतला. बाजूची माणसं कापली, पण तुझा मेंदीचा हात तिच्या खांद्यावर अर्धा राहिलाय. ऑर्डर बदलापूरच्या त्या सत्संग हॉलची. सनीशेठना काय माहीत ही कुणाची आई! नेहमीसारखे म्हणाले, "दिपेश, मराठी तू देख ले भाई, पिछली बार महाराज का नाम ही गलत छप गया था." मी मजकूर उघडला. ‘गुरुचरणी लिन झालेल्या कै. तुळशीबाई यांचे प्रथम पुण्यस्मरण.’ खाली तुझं नाव. येत्या रविवारी त्यांच्या कन्या सौ. रिद्धी या महाराजांच्या हस्ते माळ धारण करतील. ‘लिन’चं ‘लीन’ केलं. मग शेवटची सूचना वाचली: फोटोत गळ्यात तुळशीची माळ टाकणे.

तुझ्या लग्नात आईच्या गळ्यात माळ नव्हती. ती मी टाकणार नाही, शेठना सांगेन जमत नाही म्हणून. पण तुझ्या गळ्यातली माळ मला थांबवता येणार नाही, आणि फोनवर ‘हॉल’ हा शब्द आला की तू ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. शाळेत माझं शुद्धलेखन तूच तपासायचीस. चूक सापडेल म्हणून तरी हे शेवटपर्यंत वाचशील.

आईने माळ आधी मागितली होती ती किसनबुवांकडे, हे तुला बहुतेक माहीत नाही. आपल्या खरवईतल्या देवळात भजन संपलं होतं, बुवा पेटी झाकत होते. आई म्हणाली, बुवा, मला माळ द्या. बुवांनी मान वरसुद्धा केली नाही, हसतच म्हणाले, "तुलशे, तुला माल नाय देनार मी. तुला साखर हाय. एकादस धरशील नि दुपारी आडवी पडशील. आधी जेव, मंग नाव घे. देव कुटं पलतोय?" सगळ्या बाया हसल्या. आई घरी येऊन रडली. म्हणाली, बुवाने मला चारचौघांत नाकारलं. त्यानंतर शेजारच्या मीनलकाकू तिला हॉलमध्ये घेऊन गेल्या. तिथे तिला कुणी साखर विचारली नाही, काहीच विचारलं नाही. पहिल्याच दिवशी माळ, महाराजांबरोबर फोटो, वर नारळ. घरी आली तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होतास. एवढी खूश मी तिला तुझ्या लग्नातही पाहिली नव्हती.

खरं सांगू, मलाही महाराज आवडले होते. त्यांचं मराठी किती स्वच्छ, एक ‘ण’ इकडचा तिकडे होत नाही. मी दिवसभर लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारणारा. मला वाटलं, इतकं शुद्ध बोलणारा माणूस आतून वेगळा कसा असेल. आणि बुवा तर माळेला ‘माल’ म्हणणारे. एकदा भरभजनात त्यांची माळ तुटली, मणी पखवाजावर उडाले. सुनेने फुलपुडीच्या दोऱ्यात ओवून दिली, दोन मणी कमी भरले. कुणीतरी तसं म्हणालं, तर बुवा म्हणाले, "असूं दे. देवाला कुटं मोजता येतंय?" आणि तीच गळ्यात घालून पुढचा अभंग धरला. तेव्हा मला ते गबाळेपण वाटलं होतं.

तू तेव्हा बडोद्याला होतीस. आलीस ती थेट हॉस्पिटलात, आणि सेवेकरी तुझ्याआधी तिथे पोहोचले होते. महाराजांच्या दारातच समाधी लागली, असं त्यांनी तुला सांगितलं. तू ते धरून बसलीस. तुला दुसरा आधार नव्हता, म्हणून मी मध्ये बोललो नाही. आता जे झालं ते लिहितो.

त्या दिवशी सकाळी आईने इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं. बाबांना ताट वाढलं, स्वतःचं वाढून ठेवलं. खायच्या आधी केस विंचरायला बसली आणि फणी माळेत अडकून दोरा तुटला. मणी पार मोरीपर्यंत गेले. माळ तुटली की ती परत गळ्यात पडेपर्यंत माळकरी खात नाहीत, हे आपल्याकडे सगळेच पाळतात. पण हॉलचा नियम आणखी कडक होता. ती ओवायची महाराजांनीच, आणि तोवर पाणीही नाही. मी सुईदोरा घेतला तर तिने हातावर चापट मारली. "हात नको लावू, बाटंल ती." मी म्हटलं, आई, इंजेक्शन घेतलंयस, दोन घास खा. तर म्हणाली, "गप रिक्षा आन."

हॉलमध्ये महाराज पूजेला बसले होते. आम्ही बाकावर बसलो, मणी तिच्या पदराच्या गाठीत. थोड्या वेळाने तिला दरदरून घाम सुटला. हात थरथरायला लागले. मला ‘रिद्धे, रिद्धे’ म्हणायला लागली. मी बाहेरून उसाचा रस आणला, ग्लास ओठाला लावला. तिने दात घट्ट आवळून घेतले, रस हनुवटीवरून गळ्यावर गेला. तिथला अमित म्हणून सेवेकरी, चांगला शिकलेला माणूस, शांतपणे म्हणाला, "दादा, ताईंची परीक्षा चालू आहे. तुम्ही मध्ये येऊ नका." मी ओरडलो. मला दोघांनी धरून बाहेर नेलं. परत आत घुसलो तेव्हा ती बाकावरून खाली पडलेली होती. मग महाराज आले. गाठीतले मणी तिच्या कपाळाला लावले आणि म्हणाले, "भाग्यवान जीव." आईच्या तोंडाला फेस होता, ताई.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी दोनदा विचारलं, इंजेक्शननंतर ह्या जेवल्या नव्हत्या का? ती पुन्हा उठली नाही, ते तू पाहिलंस.

तेराव्याला किसनबुवा आले. मी रागातच होतो. म्हटलं, तुम्ही तेव्हा माळ दिली असतीत तर ती तिकडे गेली नसती. बुवा खाली बसले. मग म्हणाले, "हां रं पोरा. नाय बोललो ता बरोबर, पन हसत बोललो. ता माजाच चुकला." आणि माझ्यासमोर रडले. महाराजांचा निरोप आला होता तो असा, की तुळशीबाईंचं कार्य पूर्ण झालं होतं. त्या दिवसापासून मी या दोन वाक्यांवर विचार करतोय. गुरू कसा ओळखावा हे मला अजून सांगता येणार नाही. पण रडायला मी बुवांच्या देवळात जातो.

आता हे आजच का. परवा समीरभाऊजींचा फोन आला. तू मला कळवायला नको म्हणाली होतीस, तरी त्यांनी सांगितलं. तुला सातवा महिना लागला, त्यात साखर वाढली आणि डॉक्टरांनी तुला इन्सुलिन सुरू केलं. तेव्हापासून मला झोप नाही. रविवारी माळ घालायची तर घाल. महाराज खोटे आहेत असं मी तुझ्याकडून वदवून घेणार नाही. फक्त एखाद्या सकाळी, इंजेक्शन घेतल्यावर, दोरा तुटला तर मणी पडू देत जमिनीवर. कुणालाही विचारू नकोस. आधी खा, पोटभर खा, मग काय ते ओव. पाप लागलं तर माझ्या नावावर. मी माळकरी नाही, कालच बोंबील खाल्लेत. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. रोज सकाळी खाल्लंस की नुसता एक मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही.

तुझाच धाकटा,
दिपेश