सत्तेचाळीस नंबर

८ जानेवारी

नगरपरिषदेच्या फलकावर नवा कागद. गर्दी बघून थांबले, तर लोक म्हणाले, "वाचा वहिनी." मोठ्यानं वाचलं. मुख्य बाजारपेठेच्या नूतनीकरणासाठी आणि वाढीसाठी भागीदार हवेत. बँक, कंपनी, संस्था, विक्रेत्यांचा गट — कुणीही अर्ज करावा.

साहेबराव बाजारात प्लॅस्टिकच्या बादल्या विकतो. म्हणाला, "आपन भागीदार? मंग मला आदी खुर्ची पायजे."

सगळे हसले. मी कागद पुन्हा वाचला. विक्रेत्यांचा गट — खरंच तसं लिहिलं होतं. मी शाळा पाहिली नाही; अक्षरं शिकले ती मिरच्या बांधायच्या रद्दीवर. म्हणून असेल, छापलेला शब्द मी वाऱ्यावर सोडत नाही.

१० जानेवारी

बाजार. गट करायचं ठरलं. अर्ज मीच लिहिला. एक्कावन्न जागा.

इथं जागेचा कागद कुणाकडंच नाही. ज्याचं गोणपाट त्याची जागा. माणूस आजारी पडला, बाई बाळंतीण झाली, तर शेजारी त्यांचं गोणपाट अंथरून चार कोपऱ्यांवर दगड ठेवतात. मग तिथं कुणी बसत नाही.

गटाराच्या कडेला बसणाऱ्यांना मात्र जागाच नाही, त्यांची नावं घेता येईनात. नकुशी तिथंच बसते, कोथिंबीर घेऊन. मला वाईट वाटलं तर तीच म्हणाली, "असू द्या वहिनी." वर तिच्याच तांब्यातलं पाणी दिलं मला.

माझ्या शेजारी ह्यांचं गोणपाट. फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. दर बाजारी आधी त्यांचं अंथरते, दगड ठेवते, मग माझं. सहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा बाजारात बसले तेव्हापासून हे त्या जागेवर आणि मी ह्या. आजवर कुणी एका शब्दानं बोललं नाही.

१७ जानेवारी

मोजणी झाली. नगरपरिषदेची गौतमी आली होती, इंजिनिअर, माझ्या अक्षदाएवढीच असेल. जमिनीवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकत, नावं लिहून घेत पुढं सरकत होती. ह्यांच्या जागेपाशी थांबली.

"ही कुणाची?"

समोरून भागुबाई म्हणाल्या — न्हावऱ्याहून पहिल्या एसटीनं कांदे घेऊन येतात त्या — "महेंद्रची हाय. च्या प्यायला गेलाय."

साहेबराव म्हणाला, "त्याचा च्या लई येळ चालतो, म्याडम. लिवा तुमी."

तिनं लिहिलं. सत्तेचाळीस. माझा अठ्ठेचाळीस.

मी खरं सांगू शकत होते. सांगितलं नाही. बाजार उठेपर्यंत तीनदा चहाच्या टपरीकडं पाहिलं.

१८ जानेवारी

सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. शेजारी शेजारी.

२१ जानेवारी

आमचा गट भागीदार म्हणून घेतला! कंपनी छत आणि ओटे बांधणार, झाडलोट आणि देखरेख आमची. जागा ज्याच्या त्याच्या नावावर होणार. शनिवारी बाजारातच टेबल लावून सह्या. ज्यानं त्यानं आधार कार्ड घेऊन स्वतः यायचं. पत्रात खाली लिहिलंय — एक जरी नाव खोटं निघालं तरी पूर्ण यादी रद्द.

साहेबराव म्हणाला, "महेंद्रचा अंगठा मी लावतो. माजाबी काळाच हाय." ह्या वेळी कुणी हसलं नाही. भागुबाई माझ्याकडं बघत होत्या. काहीतरी बोलायचं असावं त्यांना.

पन्नास जणांच्या डोक्यावरचं छत. आणि मी.

२२ जानेवारी

कचेरीत गेले. गौतमीला म्हणाले, "सत्तेचाळीस नंबरचे महेंद्र चहाला गेलेले नाहीत. ते वारले."

दोन वर्षांत हे वाक्य मी कधी बोलले नव्हते. दुसरेच बोलायचे, मी मान हलवायची.

तिनं पेन खाली ठेवलं. पाणी दिलं. म्हणाली, "मावशी, मला त्या दिवशीच कळलं होतं. गोणपाटावर माल नव्हता आणि धूळही नव्हती."

"मग लिहिलंस कशाला?"

"सगळे इतक्या मायेनं सांगत होते."

तिनं नाव खोडलं. माझ्यासमोरच. ती जागाही माझ्या नावावर होईल का, विचारलं. एका माणसाला एकच, म्हणाली. शनिवारी दुसरं नाव द्यायचं, नाहीतर तिथं मोटरसायकली लागतील.

२३ जानेवारी

अक्षदाला दौंडला फोन केला. "आई, देऊन टाक ना कुणालातरी." तिचं बरोबरच आहे. पण जो बसेल तो हसेल, भाव सांगेल, दुपारी डबा उघडेल. ते मी शेजारून दर बाजारी बघायचं? त्यापेक्षा मोटरसायकली बऱ्या. ठरलं.

२४ जानेवारी

सकाळीच भागुबाईंना सांगितलं, गाड्या लागू देत तिथं. त्या कांदे तसेच टाकून माझ्याजवळ येऊन बसल्या.

"राजश्री, आता सांगतेच बाई. ती जागा महेंद्रची नव्हती. नकुशीच्या आईची, शेवंताबाईची. ती मेली तवा नकुशी सासरी, केंदुराला. महेंद्र म्हनला, पोरगी येईपत्तूर मी राखतो. ती आली तवा तुजं दुःख ताजं व्हतं. तिनंच आमाला सांगितलं, वहिनीला कुनी काय बोलू नका."

मी विचारलं, मग ह्यांची जागा कुठली?

"तू बसतीस ती. तू बाजारात आलीस तवा त्यानं आपली तुला दिली, आन् सोता तिकडं सरकला."

मी सत्तेचाळीसवरचे चारही दगड उचलले. नकुशीला हाक मारली.