योपची फेरी

रवि. १८ सप्टें. २००५, रायस्वाइक, हॉलंड

आज प्रज्ञाने अक्षरशः घराबाहेर काढलं. "दर रविवारी सोफ्यावर पडून छताकडे बघत बसतोस. लग्न मी तुझ्याशी केलंय की सोफ्याशी? जा कुठेतरी. कुठेही जा, पण जा." वाचनालयातल्या फळ्यावरचा पत्ताही तिनेच उतरवून आणलेला. झूटरमेर, वस्तीचा हॉल, एक रविवार आड, दुपारी दोन ते पाच. ब्लूग्रास जॅम. नुसतं ऐकायलाही या.

गेलो. दहा-बारा माणसं गोल बसलेली. गिटारी, फिडल, मँडोलिन, उभं बास. अमेरिकेच्या डोंगरातली गाणी, वाजवणारे सगळे इथले निवृत्त पोस्टमन नाहीतर शाळामास्तर. गोलात एक खुर्ची रिकामी दिसली, बसलो. म्होरक्या हेंक, गिटारवाला, म्हणाला, "ती योपची आहे." डच माणूस आडपडदा ठेवत नाही. उठून मागे बसलो.

पद्धत कळली. गाणं गोल फिरतं. कडवं झालं की एकाने एक फेरी एकट्याने वाजवायची, बाकीच्यांनी खाली कॉर्ड, म्हणजे नुसते साथीचे सूर, धरून ठेवायच्या. पुढच्या कडव्यानंतर पुढचा. हेंकने पाय उचलला की गाणं संपलं. योपच्या खुर्चीशी आलं की मात्र कोणीच पुढे होत नाही. पूर्ण फेरी नुसत्या कॉर्ड. मला वाटलं योप संडासात गेलाय. चार गाणी झाली तरी येईना, म्हटलं बिचाऱ्याचं पोट बिघडलेलं दिसतंय. कॉफीच्या वेळी विचारलं.

फेब्रुवारीत गेला म्हणे. बँजो वाजवायचा. बास वाजवते ती त्याची बायको, विल्मा.

तरी बरं, पोटाचं मोठ्याने बोललो नव्हतो.

अण्णांना जाऊन आज शंभर दिवस झाले.

रवि. २ ऑक्टो.

हेंकला सांगितलं, लहानपणापासून ढोलकी वाजवायचो, वडिलांच्या गायन पार्टीत. "ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो. कधीच नाही. कॉफी घे." विषय संपला. कॉफीबरोबर एक बिस्किट, मग डब्याला झाकण.

तिसरं गाणं. योपची फेरी. कॉर्ड चालू होत्या आणि त्यातून स्पष्ट ऐकलं. खट्खट्... खट्.

परतताना ट्राममध्ये गुडघ्यावर तेच वाजवून बघितलं.

अण्णांचा बेंजो. या लोकांचा गोल, चामडं मढवलेला, तो वेगळा. आपला म्हणजे लाकडी पेटी, वर तारा, टाइपरायटरसारखी बटणं. तार छेडायच्या आधी अण्णा दोन बटणं कोरडी दाबून बघायचे, अडकत नाहीत ना. मग आणखी एक. खट्खट्, खट्. मला तो इशारा. मी ठेका धरायचो, मग ते पीस, म्हणजे गाण्याची चाल, उचलायचे. जयंतीच्या स्टेजवर, समोर हजार माणसांचा गलका असला तरी मला तेवढं ऐकू यायचं.

प्र.ला सांगितलं नाही.

गुरु. ६ ऑक्टो.

एकदाच लिहून टाकतो.

एप्रिलमध्ये फोनवर अण्णा म्हणाले, "एकदा येऊन जा. तुझ्यासारखा हात दुसऱ्याचा बसत नाही." मी म्हणालो, डिसेंबरचं तिकीट काढलंय अण्णा, येतोच. जूनमध्ये मिलिंदचा फोन. गेले. त्याच आठवड्यात आमचं सॉफ्टवेअर चालू व्हायचं होतं. मिलिंद म्हणाला, "दादा, तू पोचेपर्यंत सगळं झालेलं असेल." धाकट्या भावाच्या त्या वाक्याला मी धरून बसलो. मॅनेजर तर जा म्हणत होता.

जायला हवं होतं. गेलो नाही. डिसेंबरचं तिकीट कपाटात तसंच आहे.

रवि. १६ ऑक्टो.

धंद्याने टेस्टर आहे मी. कारण नाही असा आवाज नसतो. आज शोधायलाच गेलो होतो. हीटर अजून चालू झालेला नाही. हेंकच्या बुटाला रबरी तळ. खिडकीची कडी घट्ट. मागे बसून वहीत खुणा केल्या: सात गाणी, आवाज तीनदा, तिन्ही वेळा योपच्या फेरीत. इतर कोणाच्या फेरीत एकदाही नाही.

बाकीचे त्या फेरीत खाली बघतात. विल्माबाई बघत नाहीत. (मनात बाईच म्हणतो. तोंडावर नुसतं विल्मा म्हणावं लागतं, आईच्या वयाच्या माणसाला. जड जातं.)

रवि. ३० ऑक्टो.

घड्याळ मागे करायचं विसरलो. चौथा हिवाळा इथला, तरी अक्कल नाही. एक तास आधी हजर. हॉलमध्ये एकट्या विल्माबाई, खुर्च्या मांडत होत्या. मी हात लावला. योपची मात्र त्यांनी स्वतः मांडली, थोडी तिरकी. "गुडघा दुखायचा त्याचा. पाय लांब करायला जागा लागायची."

मग खुर्चीकडेच बघत म्हणाल्या, "त्याच्या फेरीत तू मान वर करतोस. तुला ऐकू येतं?"

"काय?"

त्यांनी बोटातल्या अंगठीने बासच्या लाकडावर वाजवून दाखवलं. टक्टक्... टक्. फेरी घेण्याआधी योप असा बँजोच्या चामड्यावर वाजवायचा. अजून वाजवतो, म्हणाल्या. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, कानाच्या डॉक्टरकडे जा.

तेच. दोन, थांबा, एक.

"येतं," म्हणालो.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. रडतील असं वाटलं, तर हसल्या. "आठ महिने मी एकटीच ऐकत होते."

खोटं बोललो का? आवाज ऐकला हे खरं. पण कोणाचा, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी

सोम. १४ नोव्हें.

काल विल्माबाईंनी माझ्यासाठी सफरचंदाचा केक आणला. अख्खा. एका बिस्किटावर झाकण लावणाऱ्या देशात. शेजारी बसवून घेतलं, योपचे फोटो दाखवले. उंच, लाल कानांचा माणूस, सगळ्या फोटोंत एक पाय पुढे. माझ्या अण्णांचं काय ते मीही सांगितलं. बेंजो, गायन पार्टी, एस.टी.च्या वर्कशॉपमधली नोकरी. आवाजाचं तेवढं सोडून.

प्र. केक खाताना म्हणाली, "चैन आहे. इथेही एक सासू मिळवलीस मला." मला दुसऱ्याच्या पानावर जेवायला बसल्यासारखं वाटत होतं.

रवि. २७ नोव्हें.

हेंकने जाहीर केलं: फेब्रुवारीत वर्ष होतंय. एक वर्ष पुरे. मग खुर्ची काढायची. मला वाटलं विल्माबाई भांडतील. भांडल्या नाहीत. एकच अट घातली: ती फेरी याला द्यायची. माझ्याकडे बोट.

हेंक : "ड्रम नाही."

बाई : "वडिलांचं वाद्य आण म्हणावं. त्याला तारा आहेत. तारा चालतात ना?"

नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ज्याने योपला ऐकलं त्यानेच ती जागा घ्यावी."

आता आली का पंचाईत. मला बेंजो येत नाही, हे एक. वाजवला तर फेरी रिकामी राहणार नाही, आणि अण्णा येतात ते फक्त रिकाम्या फेरीत, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे बाई मला नवऱ्याची जागा देतायत ती मी खोटं बोललो म्हणून. तिन्ही गोष्टी ट्राममध्ये पाठ केल्या. एकही त्यांना सांगितली नाही.

मंगळ. २७ डिसें., औरंगाबाद

ज्या तिकिटाने अण्णांना भेटायचं होतं त्याच तिकिटाने आलो. फोटोपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. आईने पाठीवरून हात फिरवला, जेवायला वाढलं. का आला नाहीस, हे कोणीच विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी लसूण सोलताना आई आपणहून बोलली. "शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती बाळा. बोटं तेवढी चालायची चादरीवर, बटणं दाबल्यागत. मग थांबायचे. वाट बघायचे. पुन्हा तेच. मिलिंदने एकदा खाटेवर ठेका धरून बघितला. तर मान हलवली त्यांनी, नाही म्हणून."

आतून मिलिंद ओरडला, "आई, पुरे आता."

गच्चीवर जाऊन बसलो. म्हणजे दोन दिवस अण्णांनी माझी फेरी रिकामी ठेवली होती. त्या दोन दिवसांत मी झूटरमेरच्या ऑफिसात बसून स्क्रीनवरची बटणं दाबून बघत होतो, चालतात का. खूप रडलो. सात महिन्यांचं एकदम.

रवि. ८ जाने. २००६

काल परत. बेंजो मिलिंदने चादरीत बांधून दिला. पार्टीवाले मागत होते, त्याने दिला नाही त्यांना. "दादा, तुझ्याकडेच राहू दे." विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, टाइपरायटर का? हो म्हणालो.

जॅमला गेलो नाही. दोन बटणं अडकतात. तेल घातलं.

रवि. २२ जाने.

आवाज दोनदा. आता मला ते ऐकवत नाही. पूर्वी इशारा वाटायचा, आता वाटतं विचारतायत, आहेस का? आणि मी खुर्चीत हात बांधून बसलेला.

बाईंना सांगायला तीनदा तोंड उघडलं. त्यांनी तीनदा केक वाढला.

घरी येऊन प्र.ला सगळं सांगितलं, सप्टेंबरपासूनचं. मला वाटलं हसेल. हसली नाही. "अण्णांचं तू बघ. पण त्या बाईंना अंधारात ठेवू नकोस. त्यांचंही माणूस गेलंय."

रवि. ५ फेब्रु.

मुद्दाम लवकर गेलो. बाई बास सुरात लावत होत्या. उभ्याउभ्या सांगून टाकलं. मला टकटक ऐकू येते ती माझ्या वडिलांची. योपची नाही. ऑक्टोबरातच सांगायला हवं होतं.

त्या बराच वेळ खुंटी पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "नक्की?"

नक्की कसं सांगू? "नाही," म्हणालो.

"हं." कॉफी लावायला गेल्या. नंतर पूर्ण वेळ माझ्याशी बोलल्या नाहीत. बिस्किटाचा डबा माझ्यापर्यंत आला, त्यांच्याकडून नाही. योपची खुर्ची त्यांनी आज सरळ मांडली.

आवाज एकदाही नाही.

रवि. १९ फेब्रु.

वर्ष झालं. हेंक खुर्ची उचलायला गेला तर बाई म्हणाल्या, "थांब. तो बसतोय." माझ्याकडे न बघता.

बसलो. मांडीवर बेंजो. पाचवं गाणं फिरत माझ्याशी आलं. दोन बटणं कोरडी दाबली, मग एक. खट्खट्, खट्. माझ्याच बोटांतून निघालं. बाईंची मान वर.

पीस उचलायला पाहिजे होता. घरी थोडा बसवला होता, अगदीच येत नव्हता असं नाही. पण हात तारेवर जाईना. तो आपोआप पेटीच्या कडेला गेला आणि मी लाकडावर ठेका धरला. अण्णांच्या आवडीचा, साधा. हेंकने डोळे वटारले, ड्रम! पण कॉर्ड सोडल्या नाहीत त्याने. पूर्ण फेरी ठेका आणि कॉर्ड. वर कोणीच नाही.

संपल्यावर बाई जवळ आल्या. "योप आला नाही आज."

"माझे वडीलही नाही."

बाई म्हणाल्या, "नाव काय त्यांचं?" पाच महिन्यांत पहिल्यांदा विचारलं. आम्ही अण्णा म्हणायचो, म्हणालो. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा जमलं.

रवि. ५ मार्च

घड्याळ बरोबर होतं, तरी एक तास आधी गेलो. बाई आलेल्या होत्याच. दोघांनी खुर्च्या मांडल्या. माझी मागून पुढे, गोलात आली. योपची त्यांनी परत तिरकी मांडली. मग आणखी एक रिकामी खुर्ची ओढत माझ्यापर्यंत आणली. "अण्णांना कशी लागते?"

सांगितलं, ते खुर्चीवर कधी बसले नाहीत. सतरंजीवर, मांडी घालून.

बाईंनी विचार केला, स्वतःचा लोकरी कोट काढला, घडी घालून जमिनीवर ठेवला. योपच्या शेजारी.

हेंक आला, खुर्च्या मोजल्या, खाली कोटाकडे बघितलं. "एक वर्ष म्हणजे एक वर्ष, विल्मा."

"ती योपची आहे," बाई म्हणाल्या. "ते अण्णांचं."

हेंकने गिटार गळ्यात अडकवली.

पहिलंच गाणं. योपची फेरी आली, बाईंनी मान वर केली, डोळे मिटले. काय ऐकलं ते मी विचारलं नाही. मग कोटाशी आलं. सगळ्यांनी कॉर्ड धरल्या. मी गुडघ्यावर ठेका धरला. पूर्ण फेरी गेली. पीस आला नाही.

हेंकने गाणं संपवायला पाय उचलला. बाईंनी त्याच्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. पाय खाली आला. गाणं पुन्हा पहिल्यापासून फिरलं, पोस्टमन, फिडल, मँडोलिन, योप, आणि परत कोटाशी आलं. माझा ठेका चालूच होता.