भाऊजींच्या गाण्यात कोण हसलं

ती. सौ. ताईस,

दुकानाच्या गल्ल्यावरून तुझ्या धाकट्याचा नमस्कार पोचावा. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे हिची कंबर आणि माझा धंदा दोन्ही कालच्यापेक्षा बिघडलेली नाहीत. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचं पित्त? (मी चौकशी केली असं त्यांना सांगू नकोस, आणखी वाढेल.) तुझा चष्मा कुरियरनं पोचला. काडी निखळली आहे. फ्रेम जुन्या धाटणीची, त्यामुळे स्क्रू मिळायला वेळ लागेल. तोवर डोळ्यांना ताण देऊ नकोस, बारीक अक्षराच्या तर वाटेलाही जाऊ नकोस.

भाऊजी अजून माझा उल्लेख 'तुझा भाऊ' असाच करतात ना? बाबांच्या निवृत्तीच्या संध्याकाळी आपल्या घरी ते गायला बसले, गाणं रंगात आलं आणि मधेच कोणीतरी खिक् करून हसलं. भाऊजी थांबले ते थांबलेच. मी टेपरेकॉर्डरपाशी बसलेला, लहानपणापासून दात काढण्याबद्दल प्रसिद्ध, त्यामुळे पंचनाम्याची गरजच पडली नाही. तेव्हापासून भाऊजी कुठेही गायले नाहीत आणि माझ्याशी सरळ बोललेही नाहीत. आमच्याकडे येतात तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखे बसतात आणि पाणी हवं असलं तरी तुझ्यामार्फत मागतात. तूही त्या वेळी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होतास. हे सगळं उकरून काढायला कारण आहे, पण आधी स्पीकरचं ऐक.

माझ्या दुकानापासून दोन दारं सोडून, किल्ल्या बनवणारा आणि लॉन्ड्री यांच्या मधल्या गाळ्यात, एक नवं दुकान उघडलं आहे. काचेत दोन स्पीकर उभे, आपल्या आत्याएवढे उंच आणि तितकेच गंभीर. पायाशी पाटी, 'प्रारंभिक सवलतीची किंमत, फक्त शनिवारपर्यंत'. ती किंमत वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. सवलत देऊनसुद्धा एवढी की तेवढ्यात माझं अर्धं दुकान सामानासकट यावं. मला घ्यायचं काहीच नव्हतं. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे, एक किडा डोक्यात शिरला की बाहेर पडत नाही. शनिवारी दुकान बंद झाल्यावर त्या खोक्यांच्या पोटात असं काय घडतं, की पुढच्या दिवशी ती महाग होतात? (मी स्वतः धंद्यातला. माझ्या दारावरची 'उद्घाटनानिमित्त सवलत' ही पाटी दुकान उघडल्यापासून लटकते आहे. मध्यंतरी अक्षरं उडाली म्हणून नव्यानं रंगवून घेतली. तरीही दुसऱ्याची पाटी दिसली की मी गिऱ्हाईकच होतो.)

दुकानदाराला मी मनातल्या मनात मौनीबुवा नाव ठेवलं आहे, कारण बाळ झोपलेल्या घरात बोलावं तसे ते दिवसभर बोलतात. त्यांनी समजावलं की कंपनी नवी, नाव कोणी ऐकलेलं नाही, म्हणून पहिल्या गिऱ्हाइकांना स्वस्त. नाव झालं की भाव चढणार. म्हणजे सवलत मिळते ती अज्ञानाला. (त्या हिशेबानं मला आयुष्यात प्रत्येक गोष्ट फुकट मिळायला हवी होती.) आणि माणसांचं बघ, नेमकं उलटं. ओळख जितकी जुनी तितकी किंमत कमी, खात्री करायची तर हिला विचार.

मग त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. चपला बाहेर. जाड गालिचा, भिंतींना पडदे, मधोमध एकच खुर्ची, आणि ती हलू नये म्हणून पायांपाशी चिकटपट्टीच्या खुणा. वायरी बागेतल्या नळीएवढ्या जाड, त्याही जमिनीला टेकू नयेत म्हणून लहान लहान लाकडी घोड्यांवर ठेवलेल्या. मौनीबुवांनी एक गाणं लावलं, मागे जाऊन काहीतरी खुडबुड केली, पुन्हा तेच गाणं लावलं आणि विचारलं, आता बरं वाटतं की मघाशी? मी म्हणालो, आता. ते हसले, आणि ताई, ते हसू मी ओळखलं, कारण ते माझंच होतं. मीही दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर भिंग धरून हेच विचारतो, हे बरं की ते? कधी खात्री करायला काढलेलं भिंगच पुन्हा घालतो, आणि निम्मी माणसं भिडेखातर म्हणतात, आता छान दिसतंय. मी मौनीबुवांना सरळ विचारलं, वायर बदलली का हो? त्यांनी एकदा दाराकडे बघून घेतलं. मग ते आणखी हळू आवाजात म्हणाले, नाही. त्या क्षणापासून आमची दोस्ती जमली. दुसऱ्या दिवशी ते डोळे तपासून घ्यायला आले (नंबर साफ चुकीचा होता), आणि जाताना म्हणाले की पाटीवर जाऊ नका, स्वतःचं एखादं ध्वनिमुद्रण आणा. ज्या खोलीत तुम्ही स्वतः बसला होतात ती खोली ओळखू आली तरच स्पीकर खरा.

स्वतःचं म्हणावं असं माझ्याकडे एकच. त्या संध्याकाळची कॅसेट. हिनं मागे सगळ्या कॅसेट पेनड्राइव्हवर करून घेतल्या होत्या, त्यातली ती मी गुपचूप घेऊन गेलो.

ताई, आपली बैठकीची खोली माझ्यासमोर उभी राहिली. घरच्या यंत्रावर जे नुसतं खरखरतं, त्यातून एकेक वस्तू आपापल्या जागी जाऊन बसली. वर पंख्याची टकटक, उजवीकडे बाबांचं खाकरणं, कोणीतरी बशीत कप ठेवला तो खिडकीपाशी. आणि अगदी मधोमध, जवळ, एक बारीक शिट्टी. आधी मला यंत्राचा दोष वाटला. मग आठवलं, मला त्या दिवशी सणसणीत सर्दी होती आणि ते माझं नाक होतं. ती शिट्टी एका लयीत चालू असताना डाव्या कोपऱ्यातून, स्वयंपाकघराच्या दाराजवळून, कुजबुज आली, "आत्या, भुवया बघ ना त्यांच्या." मग ते खिक्. मग आत्याचं "गप." आणि या सगळ्यात माझं नाक शांतपणे वाजतंच होतं. एकाच वेळी नाकानं शिट्टी आणि तोंडानं खिक् हे माझ्यासारख्यालाही जमणार नाही. मौनीबुवा परके, पण तेही मान डोलावून म्हणाले, दारात दोघी उभ्या आहेत, हसल्या त्या वयानं लहान.

आत्या जन्मात कधी हसली नाही. तेव्हा राहिलं कोण, ते मी लिहीत नाही.

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. दुकानात परत आलो आणि एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला. पण संध्याकाळी पुन्हा जाऊन ऐकलं, आणि या वेळी खिक्‌च्या आधीचं ऐकलं. त्या दिवशी माझं सगळं लक्ष रेकॉर्डरच्या काट्याकडे होतं, गाणं मी ऐकलंच नव्हतं. भाऊजी फार सुंदर गात होते. मग ते थांबतात आणि "असो" म्हणतात. ते "असो" ऐकवत नाही. तेव्हापासून मला एकच वाटतं, की तो माणूस जिथे थांबला तिथून पुढे एकदा ऐकायला मिळावा.

असो. (बघ, मलाही लागलं.) हे सगळं तुझ्याजवळच ठेव. मी भाऊजींना एक अक्षर सांगणार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. स्पीकर मी घेत नाही. ही म्हणाली, घरात ते तरी राहतील नाहीतर मी, आणि हिच्यावर कुठलीच सवलत नाही.

ता. क. दुसरा. मौनीबुवांनी कबूल केलं की पाटीवर वार कोणता ते लिहिलं आहे, महिना नाही. तरी येत्या शनिवारी संध्याकाळी त्यांनी ती खुर्ची माझ्या माणसासाठी राखून ठेवली आहे.

ता. क. तिसरा. ताई, तुझा चष्मा माझ्यासमोर टेबलावर आहे. त्याच्याशिवाय तुला अक्षर लागत नाही, म्हणजे हे पत्र पहिल्यापासून कोण मोठ्यानं वाचून दाखवतंय ते मला माहीत आहे. भाऊजी, नमस्कार. तुम्ही भुवयांपाशी थांबला असाल आणि आता ताईकडे बघत असाल. तिला रागावू नका, तेव्हा तुमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि ती तुमच्याकडेच बघत होती. शनिवारी दोघंही या. आपण नव्यानं ओळख करून घेऊ, नव्या ओळखीला सवलत असते असं नुकतंच शिकलो आहे. चष्मा येताना घेऊन जा. स्क्रू माझ्या खणातच होता, पहिल्याच दिवशी बसवला.